बराबर मामा आणि गोळीचं मशीन

बंद पडलेली वस्तू चालू झाली की बाकीच्या मिस्त्र्यांचं काम संपतं. बराबर मामांचं तिथून सुरू व्हायचं. विहिरीवरची मोटार दुरुस्त होऊन गरगरायला लागली, मालक खूश होऊन ती उचलायला वाकला, की मामा त्याचं मनगट धरायचे. "थांब जरा. चालू झाली, पण बराबर न्हाई झाली." मग लांब पेचकसाचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी लावायची, डोळे मिटायचे आणि आत कोण काय बोलतंय ते ऐकत बसायचं. मालक चुळबुळत राही आणि शेवटी रिकाम्या हातानं घरी जाई. दुसऱ्या दिवशी तो न्यायला येई तेव्हा मोटार इतकी शांत चालत असे की ती चालू आहे का, हे हात लावून बघावं लागे.

या एका शब्दावरून सगळं बदनापूर त्यांना बराबर मामा म्हणायचं. दुकानाच्या पाटीवर खरं नाव होतं, पण वार्निशच्या धुरानं पाटी तपकिरी झाली होती आणि ती वाचायची गरज कुणाला पडत नव्हती. स्टेशनच्या रस्त्याला पुढे मोटार वायंडिंगचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून मी. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर चिमट्यानं बिया मांडायच्या आणि काही दिवसांनी किती उगवल्या ते मोजायचं. संध्याकाळच्या गाडीनं परतले की जिना चढण्याआधी दुकानात टेकायचं आणि मामींच्या हातचा चहा घ्यायचा, हा माझा नेम. "आली बघा सुनी बिया मोजून," मामा म्हणायचे, "आता तारेचे वेढे मोजायला बस." मी खरंच बसायचे, कारण वर जाऊन तरी मला कुणाशी बोलायचं होतं!

मामांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. "करणाऱ्याला घाई असती," ते म्हणायचे. "कारखान्यात माणूस वस्तू करून राह्यला ना, तर त्याच्या डोक्यावर कुणीतरी उभं असतं. त्याला अजून एक हात फिरवायचा असतो, पण तेवढ्यात भोंगा वाजतो. ते राह्यलेलं काम आपण करायचं. आपल्या डोक्यावर कोण उभंय?"

"मी उभी हाये," आतून मामींचा आवाज यायचा. "माझा मिक्सर चार महिन्यांपासून खोलून पडलाय."

हे तत्त्वज्ञान मी माझ्या छताच्या पंख्यावर भोगलं होतं. साधा कंडेन्सर बदलायचा होता. मामांनी पंखा तीन आठवडे ठेवून घेतला, तोही वैशाखात. पाती तराजूत घालून सारख्या वजनाची केली, बेअरिंग बदललं, आतली तारेची गुंडाळीही नव्यानं भरली. रागानं मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. पण पंखा परत लागला त्या दुपारी मी त्याच्याखाली पडून होते आणि वारा कुठून येतो आहे तेच कळत नव्हतं, इतका त्याचा आवाज गेला होता. संध्याकाळी मी स्वतःहून खाली जाऊन चहा मागितला.

गोळीचं मशीन आलं ते भंगारातून. जालना एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या मिलमध्ये मामा मोटार बघायला गेले होते. तिथल्या आवारात बंदरावरून आलेल्या भंगाराचे डोंगर असतात. सळया होण्यासाठी जगभरचं लोखंड तिथं येऊन पडतं. त्या डोंगराच्या पायथ्याशी चार लोखंडी पाय वर करून एक लाकडी पेटी पालथी पडली होती. सुपरवायझर म्हणाला, "मामा, लाकडाचं धूड आहे, भट्टीत चालत न्हाई. नेता का?" मामांनी पेटीच्या फटीतून आत बॅटरी मारली आणि दुसरं काही न विचारता टेम्पो बोलावला. मी गाडीतून उतरून आले तेव्हा ते दुकानाच्या दारात हातपाय पसरलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं त्या पेटीकडे बघत उभे होते.

पेटी उतरती, काचेच्या झाकणाची. डोक्याशी उभा पाठफळा. काच फुटलेली, आत उंदरांचं घर. काचेखालच्या फळीवर कधीकाळी रंगीत चित्र होतं: एक तळं, त्यात नावा, काठावर छत्री घेतलेली बाई. बाईचा चेहरा झिजून पार लाकूड उघडं पडलं होतं. मी मोबाइलवर शोधून काढलं की याला पिनबॉल म्हणतात, परदेशात लोक नाणं टाकून हा खेळ खेळायचे. पोलादी गोळी वर उडवायची. ती खिळ्यांवर, घंट्यांवर आपटत खाली येते. खाली दोन छोटे पंजे असतात, ते बाजूच्या बटणांनी उडवून तिला परत वर पाठवायची. पंजांमधून गोळी निसटली की गेली. अशा पाच गोळ्या संपल्या की खेळ संपला.

"मंग जिंकायचं कव्हा?" मामींनी विचारलं.

"जिंकायचं नसतं मामी. जास्तीत जास्त वेळ टिकायचं."

"हात्तिच्या," मामी म्हणाल्या. "ते तर मी लग्नापासून करून राह्यले."

मामांनी चित्राची फळी उचलली आणि त्यांचा चेहरा लग्नघरात अचानक सगळे नातेवाईक भेटलेल्या माणसासारखा झाला. आत एकही चिप नव्हती, बारीक काळे भाग नव्हते. होत्या त्या फक्त तारेच्या गुंडाळ्या. पंज्याला गुंडाळी, घंटेला गुंडाळी, गुणांची चाकं फिरवायला गुंडाळ्या. बहुतेक जळलेल्या, काहींची तार हिरवी पडलेली. "अगं सुनी," ते म्हणाले, "ही तर सगळी आपलीच माणसं!"

मग वर्षभर दुकानात त्याच नातेवाइकांची सरबराई चालली. शेतकऱ्यांच्या मोटारी सकाळी आणि मशीन दुपारी, अशी त्यांनी वेळ वाटून घेतली. जळलेली गुंडाळी ते कापून टाकत नसत. जुनी तार एकेक वेढा करून उलगडायची, मोजत जायचं आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे. "जुन्याला विचारल्याबिगर नवा वेढा न्हाई," हा त्यांचा नियम. मोजणं चालू असताना दुकानात कुणी बोलायचं नाही. मामी चहाचा कप ठेवून पावलांचा आवाज न करता आत जायच्या. बाहेर ऊन, आत वार्निशचा गोडसर वास, खिडकीतून येणाऱ्या उजेडात मामांच्या बोटांमधून सुटणारी लालसर तार आणि ओठांची हालचाल. रविवारी मी तिथं स्टुलावर बसून ते बघत राहायचे आणि दुपार कुठे जायची ते समजायचं नाही. मी आयुष्यात फार थोड्या ठिकाणी इतकी सुखात बसले आहे.

जे मिळत नव्हतं ते मामा इथल्याच वस्तूंमधून उभं करायचे. रबराच्या कड्यांऐवजी पंपाच्या ओ-रिंगा, गोळीसाठी मिलच्या मोठ्या बेअरिंगमधली गोळी, वीज उतरवायला स्वतः भरलेला ट्रान्सफॉर्मर. चित्राचं काम माझ्याकडे आलं, कारण चिमटा धरणाऱ्या हाताला ब्रशही धरता येईल, असं त्यांनी परस्पर ठरवलं. मी तळं निळं केलं, नावा रंगवल्या, पण बाईचा चेहरा काही जमेना. मूळ चेहरा कसा होता हे कुणालाच माहीत नव्हतं. मी नाक पुसून पुसून काढत होते. शेवटी मामी येऊन बघून गेल्या. "तोंड कसंबी असू दे, कपाळ मोकळं नको," म्हणाल्या आणि स्वतःच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली आणून तिथं चिकटवली. त्या टिकलीच्या खाली मला हवा तो चेहरा दोन दिवसांत सापडला आणि तो कुणासारखा झाला हे मामांनी माझ्याआधी ओळखलं. नंतर ती जागा पुसायला निराळं मऊ फडकं आलं.

याच दिवसांत एक मोठा घोटाळा झाला. मशीनच्या पोटात, पुढच्या दाराच्या आत, त्यांना एक ओळंबा सापडला. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला लावतात तसा, खाली निमुळता लोलक, एका दांडीला लटकलेला आणि त्याच्याभोवती एक लोखंडी कडं. ओळंबा आहे म्हणजे करणाऱ्याला मशीन सपाट हवं होतं, असं मामांनी ताडलं. मिलमधून बुडबुड्याची पाणपातळी आणून चारही पाय वरखाली करत त्यांनी मशीन असं तंतोतंत सपाट केलं की मधोमध ठेवलेली गोळी तिथंच राहिली. वीज लावली, गोळी उडवली. ती वर गेली, तळ्याच्या मध्यावर येऊन थांबली आणि आम्ही तिघं काचेवर वाकून तिच्याकडे बघत राहिलो. "हिला कुठं जायचंच न्हाई," मामी म्हणाल्या. मी मोबाइलवर दाखवलं की मशीन पुढच्या बाजूला उतरतं हवं, तेव्हा मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग तो ओळंबा कशाला, हेही मी शोधून काढलं. खेळणारे लबाडी करतात. गोळी पंजांमधून निसटायला लागली की मशीनला धक्का देतात. धक्क्यानं लोलक हलतो, कड्याला टेकतो आणि मशीन तिथल्या तिथं बंद पडतं. सगळे दिवे जातात, पंजे मरतात आणि पाठफळ्यावर 'टिल्ट' हा एकच शब्द पेटतो.

"म्हणजे चोर पकडायला बसवलाय!" मामा खूश झाले. "मंग पकडायचा तर बराबर पकडू." तो लोलक दांडीवर एका स्क्रूनं अडकवलेला होता आणि स्क्रू सैल केला की वरखाली सरकत होता. सैल स्क्रू दिसला की मामांच्या अंगावर काटा यायचा. करणाऱ्याला घाई, दुसरं काय. त्यांनी लेथवर पितळेची नवी दांडी आणि नवा लोलक काढला, कड्यात कागद जाईल एवढीच फट ठेवली आणि लोलक दांडीला कायमचा झाळून टाकला. आता तो सरकण्याचा प्रश्नच नव्हता. जुनी दांडी त्यांनी जुन्या लोलकासकट नेहमीप्रमाणे डब्यात टाकून ठेवली.

मशीन पूर्ण झालं त्या रविवारी दुपारी मामांनी शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे दिवे नीट दिसावेत. बटण दाबल्यावर आधी एक खोल घरघर झाली, गुणांची चाकं एकामागून एक शून्यावर आली आणि तळं उजळलं. ते मशीन नवं असताना असं दिसत नसणार, हे मी पैजेवर सांगेन. लाकडाला सात वेळा पॉलिश, पितळेचा प्रत्येक खिळा लखलखीत आणि घंटा तर मामांनी कानानं जुळवलेल्या. गोळी फिरायला लागली की उतरत्या सुरांचा एक झरा दुकानभर वाहायचा. मामी बांगड्या मागे सारून खेळायला उभ्या राहिल्या आणि पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना मागे टाकलं. रस्त्यावरून जाणारे लोक शटरखाली वाकून बघत होते. मला वाटलं, आपण तिघं त्या तळ्याकाठीच राहायला आलो आहोत.

मामा खेळायला लागले आणि अर्ध्या मिनिटात अंधार झाला. टिल्ट. त्याच वेळी स्टेशनातून मालगाडी धडधडत जात होती. "बघा," मामा अभिमानानं म्हणाले, "गाडी पकडली! एवढं नाजूक काम केल्तं मी." आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा टिल्ट झालं तेव्हा शेजारची पिठाची गिरणी चालू होती. तिसऱ्यांदा रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. चौथ्यांदा काहीच गेलं नव्हतं, पण मामा म्हणाले, "लांब कुठंतरी गाडी असंल. रूळ लांबून सांगतात."

असे दोन महिने गेले. ते रोज संध्याकाळी एक डाव मांडायचे आणि दुसऱ्या गोळीपर्यंतही पोचायचे नाहीत. मशीनच्या पायांखाली रबर घातलं, मग फरशी उकरून खाली वाळू भरली. पेचकस कानाला लावून त्यांनी मशीनचा कानाकोपरा ऐकला. एवढी एकच हौस होती त्यांना, आपण उभ्या केलेल्या मशीनवर पाच गोळ्यांचा एक डाव पुरा खेळायचा. मला मात्र एक गोष्ट दिसायला लागली होती आणि ती दिसते आहे हे मला नको होतं. चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण वाजायचा. बारीक तारेच्या मोटारी ते "उद्या बघू" म्हणून मागे सारायचे. मामींच्याही ते लक्षात आलं होतं; आमची नजरानजर व्हायची आणि आम्ही दोघी कुठल्यातरी भाजीबद्दल बोलायला लागायचो.

मग एका रविवारी रुळांच्या कामासाठी दिवसभर गाड्या बंद होत्या. गिरणीवाला गावाला गेला होता. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामा म्हणाले, "आज कोणी न्हाई. आज बघू." आधी मामी खेळल्या, पाचही गोळ्या. मग मी खेळले, पाचही गोळ्या. मग मामांनी बटणांवर हात ठेवले. अजून गोळी उडवलीही नव्हती आणि अंधार झाला. टिल्ट.

इतकी शांतता होती की चाकं थांबताना ऐकू आली. मामांनी हात काचेवर उचलून धरले आणि पाठफळ्यावरच्या त्या एका शब्दाच्या उजेडात बघितले. दोन्ही हात बारीक बारीक थरथरत होते. त्यांनी एक हात दुसऱ्यानं धरला, तर दोन्ही थरथरले.

"अहो, ढिलं करा ना ते कडं," मामी हलकेच म्हणाल्या. "तुमचंच तर मशीन हाये."

"ढिलं कशाला करू?" मामा म्हणाले. "ते बराबर आहे. मी न्हाई बराबर."

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्या कंपाला एक नाव दिलं, औषध दिलं आणि हा हळूहळू वाढत जाईल हेही सांगून टाकलं. परतताना गाडीत मामा मला म्हणाले, "डॉक्टरच्या आधी मशीननं सांगितलं बघ." हे ते इतक्या कौतुकानं म्हणाले की मला त्यांचा राग आला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वायंडिंगची कामं घेणं बंद केलं. मशीनवर चादर पडली. मी संध्याकाळी यायचे, चहा व्हायचा, पण वेढे मोजायचं कुणी नाव काढेना. मी शपथेवर सांगते, मला ते मशीन तेव्हा परत भंगारात टाकून द्यावंसं वाटत होतं.

पावसाळा गेला आणि दिवाळीच्या आवराआवरीत मामींनी दुकानातले सगळे डबे अंगणात पालथे केले. मामा खाटेवर बसून कुठला तुकडा ठेवायचा, कुठला फेकायचा ते सांगत होते. मशीनची जुनी दांडी माझ्या हाती आली. "फेक," म्हणता म्हणता ते थांबले. "आण इकडं." दांडी त्यांच्या हातात थरथरत होती, म्हणून मीच ती उन्हात धरली. ते बराच वेळ बघत राहिले. "सुनी, तुझे डोळे चांगले. हिच्यावर काय दिसून राह्यलं?"

दांडीवर चार ठिकाणी लोलकाचा स्क्रू आवळल्याच्या खुणा होत्या. एक खाली, दोन मधोमध एकमेकींजवळ आणि एक बरीच वर.

"चार जणांनी चार ठिकाणी बसवल्ता," मामा म्हणाले. मग एकेका खुणेवर बोट टेकवत म्हणाले, "करणाऱ्याला घाई नव्हती गं. त्यानं मुद्दाम तसं ठेवल्तं. ज्याचं घर जसं, ज्याचा हात जसा, तसं त्यानं लावावं म्हणून. अन् मी शहाणा, झाळून बसलो!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होते. मामी केरसुणी टाकून तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही चादर काढली. झाळलेली दांडी काढून जुनी दांडी आणि तिचा जुना, स्क्रूवाला लोलक लावायचा होता; हे काम आता मामांच्या बोटांचं नव्हतं. ते सांगत गेले आणि मी मशीनच्या पोटात डोकं घालून करत गेले. लोलक खाली निमुळता असल्यानं तो जितका वर सरकवावा तितकी कड्यातली फट वाढत जाते. मी बॅटरी तोंडात धरली. "मामा, हात ठेवा," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी बटणांवर हात ठेवले आणि लोलक हलायला लागला. लाकडातून उतरून ती थरथर तिथपर्यंत येत होती. लोलकाचा तो तुकडा कड्याला टकटक टेकत होता आणि मी मामांचा कंप पहिल्यांदाच त्यांच्या हाताकडे न बघता बघत होते. डोळे भरून आले. डोकं मशीनमध्ये होतं, म्हणून बरं झालं.

"लागतोय?" वरून आवाज आला.

"लागतोय."

"सरकव."

मी केसभर सरकवला. लागत होता. आणखी केसभर. मग कंटाळून तोंडातली बॅटरी काढली आणि विचारलं, "मामा, किती वर घेऊ? एकदम वरच्या खुणेला नेते, म्हणजे प्रश्नच नको."

"बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "तो दुसऱ्याचा हात आहे. माझ्या हाताएवढं कर. जादा न्हाई, कमी न्हाई."

मी बॅटरी परत तोंडात धरून सरकवत राहिले. एका जागी लोलक आपला थरथरत राहिला, कड्याच्या अगदी जवळ जाऊन परत येत राहिला आणि टेकेना. तिथं मी स्क्रू आवळला.

मामा खेळायला उभे राहिले. बाहेर आभाळ केशरी झालं होतं, दारात मामींनी लावलेल्या पणत्या होत्या आणि आत तळ्याचा उजेड. पहिली गोळी लगेच गेली. दुसरी रेंगाळली. तिसऱ्या गोळीला मामा सरावले. हात थरथरत होते, पण पंजे वेळेवर उडत होते आणि घंटांचा तो झरा थांबत नव्हता. मामी त्यांच्या खांद्यामागे उभ्या होत्या. चौथी गोळी. स्टेशनात गाडी आली, गेली. कुणी तिकडे बघितलं नाही. पाचवी गोळी छत्रीवाल्या बाईच्या कपाळावरून घसरली, डाव्या पंज्यावरून उडाली, परत आली आणि दोन पंजांच्या बरोबर मधून खाली गेली. दिवे तसेच होते. गुणांचं शेवटचं चाक फिरून थांबलं.

"हरलो!" मामा ओरडले. त्यांनी मागे वळून मामींचे दोन्ही खांदे धरले. "बघितलं का, हरलो मी! मशीननं न्हाई बंद केलं, गोळीनं हरवलं!" हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा बघितलेला नाही.

त्यानंतर दोन वर्षं ते रोज संध्याकाळी हरत होते. कंप वाढला तसा तो लोलक आम्ही आणखी दोनदा वर घेतला. दोन्ही वेळा ते हात ठेवून उभे राहिले आणि मी आत वाकले. दुसऱ्यांदा सरकवला त्यानंतर थोड्याच दिवसांनी, पौषात, थंडी छातीत बसल्याचं निमित्त होऊन मामा गेले. मी अजूनही संध्याकाळी गाडीतून उतरले की आधी दुकानातच टेकते.

मशीन मामींनी कुणाला दिलं नाही. परवा मिलमधला एक ओळखीचा इलेक्ट्रिशियन आपणहून तेलपाणी करायला आला होता. चांगला मुलगा, मामांना मानणारा. त्यानं सगळं पुसलं, तपासलं, प्रत्येक गुंडाळीला हात लावून "काय काम केलंय मामांनी" म्हणाला. मग मशीनला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं. काही बंद पडलं नाही.

"मामी," तो म्हणाला, "बाकी सगळं एक नंबर आहे, पण ह्याचं टिल्ट लई ढिलं पडलंय. दोन मिनिटांत आवळून देतो." आणि तो पुढचं दार उघडायला वाकला.

मामींनी त्याचा हात धरला.

"ढिलं न्हाई ते," त्या म्हणाल्या. "मोजून ठेवलंय."